शेवटपर्यंत ऐकणारी चाचणीबाई

चाचणीबाईंना गाता येत नाही. गुणगुणल्या तरी शेजारचं माणूस खुर्ची सरकवून घेतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी शिक्षिकेनं त्यांना नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं आणि त्याचं त्यांना आजवर वाईट वाटलेलं नाही. "गळा एकाला, कान दुसऱ्याला. दोन्ही एकालाच दिले तर बाकीच्यांनी काय नुसत्या माना डोलवायच्या?" असं म्हणून त्या कामाला लागतात.

कान मात्र वाखाणण्यासारखा. तेवीस वर्षं त्या कॅसेटच्या कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. एका मूळ टेपवरून एका दमात शेकडो कॅसेटी भरल्या जायच्या. त्यातल्या पाच उचलायच्या, ऐकायच्या आणि गठ्ठ्यावर शिक्का मारायचा, असं ते काम. बाकीच्या बायका सुरुवात ऐकत, शेवट ऐकत आणि मधल्या वेळात स्वेटर विणत. नियमात तेवढंच बसत होतं. या बाई पाचही कॅसेटी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकायच्या. सुपरवायझर वैतागून म्हणायचा, "ही बाई चाचणी करते की मैफलीला बसते?" तिथून 'चाचणीबाई' हे नाव पडलं. कारखाना बंद झाला, सुपरवायझर गावी गेला, नाव राहिलं.

एकोणपन्नासाव्या वर्षी त्या दुसऱ्या नोकरीला लागल्या. ही कंपनी छोटी आहे. दोन खोल्या, सहा टेबलं, खाली लोखंडी शटर दुरुस्त करणाऱ्याचा कारखाना. ज्या गायक-वादकांच्या पाठीशी कुणी बडं नाही, त्यांनी आपलं रेकॉर्डिंग इथं आणून द्यायचं आणि कंपनीनं ते फोनवरच्या गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर चढवायचं. असे चारशे कलाकार आहेत. बाईंचं टेबल तक्रारींचं. कुणाचं नाव चुकलं, कुणाचा फोटो दुसऱ्याच्या गाण्यावर लागला, कुणाचा आवाज बारीक येतो, सगळं त्यांच्याकडे. टेबलावर कॅसेटच्या कारखान्यातून आणलेले, कानांवर वाट्यांसारखे बसणारे जाडजूड हेडफोन. त्यांची वायर तीनदा बदलून झाली आहे. खालून शटरवर हातोडे बसत असतात, पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

त्या सोमवारी त्या ऑफिसात शिरल्या तेव्हा मालक उभाच होता. मालक चौतीस वर्षांचा, पूर्वी स्वतः गिटार वाजवायचा, मनानं चांगला, पण घाबरट. घाबरला की तो उभा राहून बोलतो.

"बाई, क्लॅरिनेटवाल्या मास्तरांवर नोटीस आलीय. बनावट ऐकणारे आणल्याचा संशय. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर त्यांचं सगळं काढून टाकणार. कायमचं."

"मास्तर? आणि बनावट?"

"गेल्या महिन्यापर्यंत महिन्याला साडेतीनशे-चारशे वेळा वाजत होतं त्यांचं. या महिन्यात चाळीस हजार! आता सांगा."

यातली गोम अशी. या अ‍ॅपवर एखादी रचना अर्धं मिनिट वाजली की ती एकदा ऐकली असं धरतात, आणि त्या ऐकण्यावर कलाकाराचा वाटा ठरतो. सगळ्यांचा वाटा एकाच पातेल्यातून. तेव्हा काही दिवटे काय करतात, तर खोट्या नावांनी कसलंतरी संगीत चढवतात, त्याच्या मोठाल्या प्लेलिस्ट लावतात आणि शेकडो यंत्रांकडून त्या रात्रंदिवस वाजवून घेतात. ऐकायला कुणीही नसतं. पण पळी फिरते आणि खऱ्याच्या ताटात तेवढं कमी पडतं. शिवाय काही कलाकारही बावळटासारखे अशा लोकांना पैसे देतात, "आमचं गाणं तुमच्या यादीत घाला" म्हणून. मास्तरांनी तेच केलं असणार, अशी मालकाची खात्री.

"आपण स्वतःच काढून टाकू त्यांचा अल्बम," तो म्हणाला. "अशा दोन-तीन नोटिसा आल्या की कंपनीवरच बंदी येते. चारशे जणांचं नुकसान करू का एकासाठी?"

"एकालाही न विचारता?"

"विचारून काय, 'हो, मी चोर' म्हणणारेत?"

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या. चोर असतील तर काढण्याचं बटण मी दाबते. नसतील तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होईल."

मालक खाली बसला. म्हणजे वेळ मिळाला.

बाई अडून बसल्या याचं कारण वेगळंच होतं. मास्तर एका शाळेच्या बँडला चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. शाळेच्याच सामानाच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, त्यांनी दोन वर्षांपूर्वी क्लॅरिनेटवर नऊ रचना रेकॉर्ड केल्या. आयुष्यातला पहिला अल्बम. त्यानंतर चार महिन्यांत त्यांचे पुढचे दात काढावे लागले. क्लॅरिनेट वरच्या दातांच्या आधारानं वाजतं. कवळी लावून फुंकलं की सूर निघतो, पण तो मास्तरांचा नसतो. हे त्यांनीच बाईंना एकदा फोनवर सांगितलं होतं, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. म्हणजे त्या नऊ रचना अ‍ॅपवरून गेल्या की मास्तरांचं वाजवणं लोकांपुढून गेलं. पुन्हा होणे नाही.

बुधवारी बाई मास्तरांच्या घरी गेल्या. दुसरा मजला, दारात चपलांची नेटकी रांग, खिडकीखाली टेबल, टेबलावर क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पट्ट्यांची पत्र्याची डबी. मास्तरांच्या बायकोनं पाणी आणलं आणि पदराला हात पुसत दारातच उभी राहिली.

बाईंना आडवळणानं बोलता येत नाही. "मास्तर, कुणाला पैसे दिलेत का? प्लेलिस्टमध्ये घालायला?"

मास्तर ताठ झाले. "बाई, मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, की चुकलेला सूर लपवायला जोरात फुंकू नका. मी पैसे देऊन माणसं आणीन?"

"मला तसं वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर कुणी तुम्हाला सोडणार नाही. कुणाचा फोन? मेसेज? 'तुमचं गाणं पोचवतो' असं काही?"

"एक आला होता. मी त्याला विचारलं, 'तुला कोणती रचना आवडली?' तो म्हणाला, 'सगळीच.' मी फोन ठेवला. सगळीच आवडणाऱ्यानं काही ऐकलेलं नसतं."

हे उत्तर बाईंना बेहद्द आवडलं. त्या उठणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"मी काही बोलू का?"

"बोल की," मास्तर म्हणाले. "तुला कधी परवानगी लागली?"

"मी लावते."

"काय लावतेस?"

"तुमचं. रोज दुपारी जेवणं झाली की. नऊच्या नऊ." तिनं खाली बघून एका दमात सांगितलं. "आवाज बंद करून. वर्ष झालं. मुलगी म्हणाली होती, जितकं वाजेल तितकं वर येतं."

मास्तरांचं गणित पक्कं होतं. नऊ गुणिले तीस त्यांनी मनातल्या मनात केले, ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

"म्हणजे महिन्याला जे साडेतीनशे-चारशे ऐकणारे होते, त्यातले पावणेतीनशे तू?"

"मग? परक्यानं ऐकलं तर चालतं, आणि मी—"

"अगं, पण आवाज बंद करून! ऐकलंस तरी असतंस!"

"मला काय करायचंय ऐकून? पाठ आहे मला सगळं," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "चाळीस वर्षं दुसरं काय चाललंय या घरात?"

बाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. मास्तर हसत नव्हते. त्यांनी पत्र्याची डबी उघडली, बंद केली, परत उघडली. "मग बाई, उरलं कोण?" त्यांनी विचारलं. "ती खोटी, आणि ही आमची. खरं कुणी आहे का, एवढं तरी बघून सांगाल?"

बाई "बघते" म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नाही. जिन्यात मात्र त्या एका पायरीवर जरा थांबल्या, आणि मग भरभर उतरल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी आकडेवालीला गाठलं. आकडेवाली म्हणजे ऑफिसातली हिशेबी डोक्याची मुलगी. अ‍ॅपकडून येणारे आकडे चाळून द्यायचं काम तिचं. मास्तरांचे नवे चाळीस हजार ऐकणारे कुठून आले, ते तिनं पाच मिनिटांत काढून दिलं. सगळे एकाच प्लेलिस्टमधून. नाव 'निवांत सकाळ, भाग चौदा'. एकशे ऐंशी रचना, सव्वा लाख फॉलोअर.

"आणि ते फॉलोअर बघा बाई, एकाचाही फोटो नाही. सगळ्यांची नावं म्हणजे अक्षरं सांडल्यासारखी. हा पुरावा पुरेल ना?"

"यादी खोटी आहे याला पुरेल. मास्तर खरे आहेत याला नाही पुरणार. अ‍ॅपवाले म्हणतील, खोट्या यादीत तुमचा माणूस गेला कसा? पैसे देऊनच." बाईंनी पेन्सिलीला टोक केलं. "लाव यादी."

"कुठून?"

"पहिल्यापासून."

"बाई, नऊ तासांची यादी आहे ती!"

"मग आज अर्धी, उद्या अर्धी."

मालक पलीकडून ओरडला, "अहो, नुसती तीन-चार गाणी ऐका, लक्षात येईल!"

"मालक, तीन-चार गाणी ऐकून लक्षात येतं असं ज्यांना वाटतं ना, त्यांच्या जिवावरच हा धंदा चाललाय."

हेडफोन चढले. बाईंची पद्धत साधी. कागदावर आकडे घालायचे आणि प्रत्येक रचनेपुढे खूण करायची. माणसानं वाजवलेलं असेल तर टिंब, यंत्रानं ओतलेलं असेल तर फुली. ओळखायचं कसं, असं आकडेवालीनं मागं एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "माणूस श्वास घेतो. गाण्यातच नव्हे, तबल्यातसुद्धा घेतो. यंत्राला दम लागत नाही."

पहिल्या दहांत नऊ फुल्या. अकरावी एक सुरेख सतार, टिंब. मग सात फुल्या, मग कुणीतरी पोटतिडकीनं म्हटलेलं अंगाईगीत, टिंब. त्याला लागूनच कवायतीचं संगीत. झोपलेल्या मुलाला उठवून परेडला नेल्यासारखं. कुठल्याही शहाण्या माणसानं या गोष्टी एकापुढे एक लावल्या नसत्या. चौतिसाव्या नंबरावर मास्तर आले, त्यांच्या अल्बममधली तिसरी रचना. बाईंनी डोळे मिटले आणि सहा मिनिटं काही लिहिलं नाही.

हळूहळू चोराची युक्ती ध्यानात आली. दुधात पाणी घालणारा कधी नुसतं पाणी विकत नाही, थोडं दूध त्यालाही लागतंच. सगळ्या फुल्याच असत्या तर यादी पहिल्या दिवशी पकडली गेली असती. म्हणून तीन-चार फुल्यांमागे एक टिंब. ज्यांना कुणी वाली नाही असे खरे कलाकार वेचून, त्यांना न विचारता, आडोशाला उभे केलेले. यंत्रांनी यादी वाजवली की त्यांचेही आकडे फुगणार आणि नोटीस जाणार ती त्यांनाच. चोर तोवर 'भाग पंधरा' काढून मोकळा.

हे समजलं खरं, पण समजणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे.

संध्याकाळी घरी नणंदेपुढे त्यांनी हे गाऱ्हाणं मांडलं. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. घरात आता या दोघीच. नणंद सत्तरीची, डाव्या कानानं बहिरी, जिभेनं तरतरीत.

"थांब वहिनी, मला नीट समजू दे," ती म्हणाली. "वाजवणारंही यंत्र आणि ऐकणारंही यंत्र?"

"हो वन्सं."

"मग माणसानं करायचं काय? फोन चार्ज?"

"माणसानं नऊ तास बसून ते तपासायचं."

"दोन चांगले कान दिलेत, आणि त्यांत हे ओतून घेतेस! मला द्यायचा होतास की एक." आणि ताट पुढे ओढत म्हणाली, "सुपरवायझर बरोबर बोलायचा तुझा. तुला मैफलीलाच बसायचं असतं. जेव आता."

शुक्रवारी दुपारी, एकशे सतराव्या नंबरावर, बाई एकदम ताठ बसल्या. त्यांनी वायर हलवून पाहिली. आवाजाचा खुंटा फिरवला. मग आकडेवालीला खूण करून हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

"काही ऐकू येतंय?"

"नाही. बंद पडलं का?"

"बंद नाही, चालू आहे. बघ, सेकंद सरकतायत." सव्वा मिनिट पियानोसारखं काहीतरी टिणटिणून रचना गप्प झाली होती. पुढची तीन मिनिटं नुसती शांतता. फाईल चढवताना बिघडलेली. "किती वेळा वाजलीय ही? आणि कधीपासून आहे?"

आकडेवालीनं बघितलं. "तीन लाख दहा हजार वेळा. आठ महिने झाले."

"आठ महिने!" बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की मालक उभा राहिला. "कारखान्यातून एक बिघडलेली कॅसेट चुकून बाहेर गेली, तर आठ दिवसांत तक्रार यायची. आठ दिवसांत! शिव्या घालून, पत्र लिहून, दुकानदाराशी भांडून. आणि इथं तीन लाख लोकांनी तीन-तीन मिनिटं शांतता ऐकली आणि कुणी हूं की चूं केलं नाही?"

"कुणी ऐकलंच नाही," आकडेवाली म्हणाली.

"हां! जिथं ऐकणारा आहे तिथं तक्रार आहे. आता मला मास्तरांच्या रचनांवरच्या तक्रारी दे."

मालक चपापला. कारण ऐकणाऱ्यांच्या तक्रारी थेट त्याच्याकडे आल्या होत्या आणि त्या त्यानंच दाबून ठेवल्या होत्या. तिसऱ्या रचनेचा शेवट अल्बम चढवताना कंपनीच्याच हातून कापला गेला होता. शेवटचे अकरा सेकंद गायब, सूर मध्येच तुटतो. बाईंनी स्वतः ऐकून दोन वर्षांत तीनदा सांगितलं होतं, दुरुस्त करा. पण नवी फाईल चढवली की त्या रचनेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, मग कलाकार रडतो, म्हणून मालक 'करू, करू' म्हणत होता.

तक्रारी चार निघाल्या. एकीनं लिहिलं होतं, 'शेवट कुठे गेला? रोज चालायला जाताना ऐकते, रोज फाटकापाशी चिडते.' दुसऱ्यानं, 'तिसऱ्या रचनेत वादक शेवटी खुर्चीवरून पडला का? काळजी वाटते.' तिसऱ्यानं नुसतंच, 'पूर्ण करा.' चौथा बहुधा मास्तरांचा जुना विद्यार्थी असावा. 'आमचे सर कधीच सूर असा टाकत नसत. ही तुमची चूक आहे, त्यांची नव्हे.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"आता शेवटचं," त्या आकडेवालीला म्हणाल्या. "तिसऱ्या रचनेच्या त्या तुटलेल्या जागेपर्यंत कोण कोण पोचलं, बघ."

उत्तर यायला अर्धा तास लागला, पण आलं ते लख्ख. 'निवांत सकाळ'मधून आलेले यच्चयावत ऐकणारे एकतीस ते चौतीस सेकंदांत पसार. मोजणीत आपला नंबर लागला की निघाले. तुटलेल्या जागेपर्यंत एकही नाही. बाकीचे थोडे होते, पण त्यांचं ऐकणं माणसासारखं अस्ताव्यस्त. कुणी दोन मिनिटांत सोडलेलं, कुणी अर्ध्यावर थांबवून तासाभरानं पुढे ऐकलेलं, कुणी त्या तुटक्या शेवटाशी येऊन मागे जाऊन परत तीच जागा ऐकलेली, आपल्याच फोनचा दोष आहे की काय म्हणून.

"बिचारे," आकडेवाली म्हणाली.

"बिचारे कसले? सोन्यासारखी माणसं आहेत," बाई म्हणाल्या आणि खुलासा लिहायला बसल्या.

खुलासा दीड पानाचा झाला. एकशे सतराव्या रचनेची शांतता, एकतीस सेकंद, चार तक्रारी, सगळं ओळीनं. शेवटी एक परिच्छेद: 'याखेरीज वादकाच्या पत्नीनं गेलं वर्षभर रोज एकदा हा अल्बम आवाज बंद करून वाजवला आहे. वादकाला याची कल्पना नव्हती. ही मोजणीही वजा करावी.'

मालकानं वाचलं आणि डोक्याला हात लावला. "बाई, हे कशाला? हातानं धोंडा पायावर! कुणी विचारलंय?"

"भेसळ काढायची म्हटली की सगळी काढायची. आपल्याला गोड वाटते ती ठेवायची आणि दुसऱ्याची काढायची, असं नसतं."

"अहो, प्रेमानं केलंय तिनं!"

"मग? प्रेमानं फोनला कान फुटतात का? ऐकलेलं नाही ते नाही." मग थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मालक, अ‍ॅपवाले मूर्ख नाहीत. एकाच घरातून वर्षभर रोज दुपारी नऊच्या नऊ, हे त्यांना दिसणारच. आपण आधी सांगितलं तर बाकीच्यावर विश्वास बसेल. लपवलं आणि सापडलं, तर त्या चार तक्रारीही खोट्या ठरतील. मग मास्तरांनी कुणाकडे बघायचं?"

मालक उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मग त्यानं सही केली.

शनिवारी खुलासा गेला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत बाईंनी मास्तरांचा फोन चारदा घेतला आणि चारही वेळा "अजून नाही" एवढंच सांगितलं. पाचव्यांदा फोन त्यांनीच केला आणि मास्तरांना ऑफिसात बोलावून घेतलं. ही बातमी फोनवर द्यायची नव्हती.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बायको बरोबर होती, पण ती बाहेरच्या खोलीतच बसली.

"अल्बम राहिला," बाईंनी सांगितलं. "नोटीस मागे घेतली. ती यादी काढून टाकली, आणि तिच्यामागच्या लोकांचं बाकीचंही. तुमच्यावर ठपका नाही."

मास्तरांनी दोन्ही हात जोडले. मग विचारलं, "आणि आकडा?"

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सगळं वजा जाता, दोन वर्षांत मिळून, दोन हजार तीनशे सत्तेचाळीस.

मास्तर स्क्रीनवर वाकले. चाळीस हजारांवरून दोन हजारांवर येणं कुणालाही सोपं नाही, आकडा खोटा होता हे माहीत असलं तरी. "आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही याहून जास्त माणसं यायची," ते म्हणाले.

"त्यांना सक्तीनं बसवायचे, मास्तर. यांना कुणी बसवलेलं नाही." बाईंनी चार तक्रारींचा कागद पुढे केला. "आणि यांच्याकडे बघा. तुमच्या नावानं बोंब मारतायत."

मास्तरांनी चष्मा लावला. पहिली वाचली. दुसरी वाचून ते खुदकन हसले आणि कवळी सावरली. चौथ्या तक्रारीवर मात्र थांबले. 'आमचे सर कधीच सूर असा टाकत नसत.' त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते हललं नाही. मग तसेच बसून त्यांनी विचारलं, "शेवट तुटलाय? माझा? दात गेल्यापासून मी ते लावलंच नाही."

"आमच्याकडून तुटला," मालक मध्येच म्हणाला. उभा नव्हता, चक्क बसून म्हणाला. "मूळ रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे. आज चढवतो. पण सर, त्या रचनेची मोजणी शून्यावर जाईल."

"जाऊ दे की शून्यावर! अहो, माणूस फाटकापाशी रोज चिडतंय, आणि तुम्ही मोजणी काय सांगताय?" शाळेत चाळीस वर्षं जो आवाज लागला असेल तो आवाज होता. बाहेरच्या खोलीतून बायको डोकावून बघून गेली.

ते गेल्यावर मालकानं सुटकेचा श्वास टाकला. "चला, एक प्रकरण मिटलं."

"मिटलं?" बाईंनी खण उघडून 'निवांत सकाळ'चा कागद काढला. एकशे ऐंशी आकडे, त्यांपुढे फुल्या आणि टिंबं. टिंबं चाळीस. मास्तर सोडले तर एकोणचाळीस. "हे सगळे आडोशाला उभे केलेले. यांनाही नोटिसा गेल्या असणार, नाहीतर जातील. कित्येकांना ती कशाबद्दल आहे हेसुद्धा कळणार नाही."

"बाई, ते आपले कलाकार नाहीत. दुसऱ्या कंपन्यांचे आहेत."

"ऐकलं तर मीच ना त्यांना?"

मालकानं घड्याळाकडे बघितलं. तो म्हणाला, "रोज एक तास. त्याहून जास्त नाही." आणि आकडेवालीला नंबर शोधून द्यायला सांगितलं. घाबरट असला तरी माणूस वाईट नाही, हे वर सांगितलंच आहे.

पहिला नंबर सतारवाल्याचा लागला. पलीकडचा माणूस घुश्शात होता.

"कोण तुम्ही? काय विकताय?"

"काही विकत नाही. तुमची सतार ऐकली, त्याबद्दल फोन केलाय."

"हे बघा, तुमच्यासारखे रोज तीन फोन येतात. ऐकली म्हणे! काय ऐकलंत, सांगा बघू?"

"चौथ्या मिनिटाला तार उतरली होती तुमची," चाचणीबाई म्हणाल्या. "तुम्ही न थांबता सावरून घेतलीत. पण पुढे थोडी घाई केलीत, ती नको होती."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"बोला," तो माणूस म्हणाला. "ऐकतोय."